कोसबाडच्या ताराबाई मोडक

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आपल्या परिसरातील एखाद्या थोर स्त्रीविषयी चार शब्द लिहावेत, असे आपल्या बैठकीत ठरले. तेव्हा माझ्या मनात पहिले नाव आले ते ताराबाई मोडक यांचे. बोर्डी आपल्याला लागूनच, कोसबाडची टेकडीही हाकेच्या अंतरावर. परंतु तेथे बालशिक्षणाचे केवढे कार्य झाले हे आपल्या नव्या पिढीतील सुनांना फारसे ठाऊक नसते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. माहेरचे नाव केळकर. वडील प्रार्थना समाजाचे. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीस गेल्या, पण तो संसार फार काळ टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या आणि राजकोटला स्त्री-शिक्षिकांच्या विद्यालयात प्राचार्यपद सांभाळले. पुढे भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करताना त्यांना जीवितकार्य सापडले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

रोमच्या मारिया माँटेसरीबाईंच्या पद्धतीत अंकगणित हाताने शिकतात. दहा दांड्या असतात. सर्वांत लहान दहा सेंटिमीटरची, सर्वांत मोठी एक मीटरची. तीनची दांडी उचलली की तीन म्हणजे किती, हे मुलाच्या हातालाच कळते. चारच्या दांडीपुढे एकची ठेवली की पाचची लांबी भरते, आणि बेरीज पाठ न करता समजते. परंतु ही साधने महाग. खेड्यातल्या मुलांनी काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी शहरातले स्थिरस्थावर काम सोडून ताराबाई बोर्डीस आल्या. १९४५ मध्ये तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. चिंचोके, खडे, शंखशिंपले, पाने, काड्या हीच साधने झाली. गोरगरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. मुलांना आधी आंघोळ घालायची, नखे कापायची आणि मग खेळाखेळात शिकवायचे. १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले गुरे चारायला जात, म्हणून त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी हे काम १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, चालविले. १९७५ मध्ये सरकारची बालविकास योजना सुरू झाली, तीही अंगणवाडीच्याच नावाने.

भगिनींनो, हे चरित्र वाचून नुसता नमस्कार करून भागणार नाही. माझा चार वर्षांचा नातू शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणतो. पण ताटातले पाच चिकू मोजायला सांगितले की एकाच चिकूवर दोनदा बोट ठेवतो. आकडे म्हणणे निराळे आणि मोजणे निराळे. एका वस्तूला एकच आकडा, आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण वस्तू, ही समज आल्यावाचून पाटीवरची गिरवणी व्यर्थ आहे. पुढे तेच मूल गणिताला भिते आणि आपण त्याच्या डोक्याला दोष देतो.

यासाठी पैसा लागत नाही. जेवायला बसताना माणसागणिक एक पान मांडायला मुलाला सांगावे. चिकू निवडताना लहान-मोठे वेगळे करू द्यावेत. करवंट्यांत एक, दोन, तीन असे चिंचोके घालावेत आणि एक करवंटी रिकामी ठेवावी. शून्य म्हणजे काय ते तिच्यातून कळते. किनाऱ्यावर गेलात तर सुरूची बोंडे वेचून त्यांच्या पाच-पाचच्या राशी लावाव्यात. मूल चुकले तर रागावू नये, पुन्हा मोजू द्यावे. शाळेतल्या बाईंनाही हे कळवावे, म्हणजे घर आणि शाळा एका वाटेने चालतील.

यंदा मंडळातर्फे आपल्या अंगणवाडीला अशा साहित्याची एकेक टोपली भरून द्यावी, अशी माझी सूचना आहे. ताराबाईंच्या स्मृतीला याहून साजेसे दुसरे काय असणार?