कॉनरॅड वॉडिंग्टन

कॉनरॅड हॅल वॉडिंग्टन (जन्म : ईव्हशॅम, इंग्लंड, ८ नोव्हेंबर १९०५, मृत्यू : एडिंबरो, स्कॉटलंड, २६ सप्टेंबर १९७५) हे ब्रिटिश भ्रूणवैज्ञानिक व आनुवंशिकीतज्ज्ञ होते. जनुके आणि सजीवाचे प्रत्यक्ष रूप यांच्यातील कार्यकारणसंबंध शोधणाऱ्या अभ्यासाला त्यांनी १९४२ साली एपिजेनेटिक्स (अधिजनुकशास्त्र) हे नाव दिले.

बालपण आणि शिक्षण

वॉडिंग्टन यांचे वडील दक्षिण भारतातील वायनाड येथे चहाच्या मळ्यावर काम करीत. कॉनरॅड यांची पहिली काही वर्षे तेथेच गेली. पुढे त्यांना इंग्लंडमध्ये नातेवाइकांकडे ठेवण्यात आले. आईवडील मात्र १९२८ पर्यंत भारतातच राहिले. केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजातून १९२६ साली ते भूविज्ञान विषयात प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले. अमोनाइट जीवाश्मांच्या अभ्यासाने त्यांनी संशोधनास प्रारंभ केला, पण लवकरच ते भ्रूणविज्ञानाकडे वळले.

संशोधन

हान्स श्पेमान यांनी उभयचरांच्या भ्रूणात संघटक ऊती शोधली होती. शेजारच्या पेशींनी कोणते रूप घ्यावे, हे ती ठरविते. वॉडिंग्टन यांनी कोंबडीच्या भ्रूणातही असा संघटक असल्याचे दाखविले. जोसेफ नीडहॅम प्रभृतींसह त्यांनी संघटकातील रासायनिक द्रव्याचा शोध घेतला. तथापि मिथिलीन ब्लूसारख्या रंगद्रव्यानेही तोच परिणाम घडून येतो, असे आढळले. त्यामुळे खरे रहस्य बाहेरील द्रव्यात नसून पेशींच्या प्रतिसादक्षमतेत आहे, असा त्यांचा विचार दृढ झाला.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश हवाई दलासाठी पाणबुडीविरोधी मोहिमांचे वैज्ञानिक विश्लेषण केले. १९४७ मध्ये ते एडिंबरो विद्यापीठात प्राणी-आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले.

१९५७ च्या ‘द स्ट्रॅटेजी ऑफ द जीन्स’ या ग्रंथात त्यांनी भ्रूणविकासाचे एक रूपक मांडले. डोंगरउतारावरून चेंडू घरंगळत येतो. वाटेत दऱ्यांना फाटे फुटतात आणि एका दरीत शिरलेला चेंडू सहसा दुसरीत जात नाही. पेशीही अशाच रीतीने यकृताची वा चेतासंस्थेची होते. या भूमीला खालून दोरांनी ताणून आकार देणारी जनुके असतात.

फळमाशीच्या कोषांना उष्णतेचा धक्का दिला असता काही माश्यांच्या पंखांवर आडवी शीर उमटत नाही. अशा माश्या निवडून वॉडिंग्टन यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची पैदास केली. अखेरीस धक्का न देताही तशा माश्या जन्मू लागल्या. हा उपार्जित गुणांचा थेट वारसा नव्हे. मुळात असलेल्या जनुकभेदांची ती निवड होय, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. हे संशोधन १९५३ साली प्रसिद्ध झाले.

रासायनिक आधार

सर्व पेशींत डीएनए जवळजवळ सारखाच असताना प्रत्येक पेशी आपली ओळख कशी टिकविते, याचे रासायनिक उत्तर वॉडिंग्टन यांच्यापाशी नव्हते. रोलिन हॉचकिस यांना १९४८ मध्ये वासराच्या डीएनएत सायटोसिनचे एक वेगळे रूप आढळले होते. त्या सायटोसिनला मिथिल गट जोडलेला होता. परंतु त्याचे कार्य अज्ञात होते. १९७५ साली रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू यांनी, तसेच आर्थर रिग्ज यांनी स्वतंत्रपणे, या खुणा जनुके चालू वा बंद ठेवत असाव्यात, असे सुचविले. डीएनएची प्रत तयार होताना जुन्या धाग्यावरील खुणांनुसार विकर नव्या धाग्यावरही मिथिल गट जोडते; म्हणून विभाजनानंतरही पेशीची स्मृती टिकते, अशी ही उपपत्ती होती. पुढील संशोधनाने तिला पुष्टी मिळाली. त्याच वर्षी वॉडिंग्टन यांचे निधन झाले.

आज एपिजेनेटिक्स हा शब्द मुख्यतः अशा रासायनिक खुणांसाठी वापरला जातो. वॉडिंग्टन यांचा अर्थ अधिक व्यापक होता : फलित अंड्यापासून पूर्ण जीव घडेपर्यंतची सारी प्रक्रिया त्यात सामावलेली होती.