जिम कॉर्बेट : आधी शिस्त, मग बंदूक

रामनगरचे कॉर्बेट राष्ट्रीय उद्यान आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते ते जिम कॉर्बेट नरभक्षक वाघांचे शिकारी म्हणून प्रसिद्ध आहेत. पण लहानपणी त्यांच्या हाती बंदूक कशी आली, हे मुला-नातवंडांच्या वडीलधाऱ्यांनी मुद्दाम जाणून घ्यावे असे आहे.

जिम यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. ते लवकर वारले आणि थोरले बंधू टॉम यांनी घर सांभाळले. थंडीत कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगीला राही. तेथे जिमच्या हाती आधी बेचकी आली. बंदूक मिळाली ती आठव्या वर्षाच्या सुमारास, ठासणीची जुनी दुनळी. जास्त दारू ठासल्याने तिची उजवी नळी फुटली होती आणि तडकलेला दस्ता पितळी तारेने बांधला होता. शेजारच्या खेड्याचा मुखिया कुंवर सिंग याने फुटक्या नळीबद्दल चकार शब्द काढला नाही. चांगल्या नळीचेच कौतुक केले. मात्र जंगलात जायचे तर आधी झाडावर चढायला शीक, असे बजावले. हाताशी एकच बार असल्याने नेम पक्का झाल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हे ओघाने आलेच. पुढे शाळकरी वयातच कॅडेट पथकाच्या सार्जंट-मेजरने रायफल वापरायला दिली, ती अटींवर. रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसे परत करायची.

ही शिस्त आयुष्यभर टिकली. १९०७ साली चंपावतच्या वाघिणीमागे जाताना त्यांनी सरकारला दोन अटी घातल्या. बक्षीस रद्द करावे आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे. बक्षिसासाठी शिकार करणारा म्हणवून घेणे त्यांना नको होते, आणि कुणाची चुकून सुटलेली गोळी लागण्याची भीती होती. त्या वाघिणीने नेपाळ व कुमाऊँत मिळून ४३६ माणसे मारल्याची नोंद होती. ती मेल्यावर दिसले, की उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते. त्यामुळेच तिला नेहमीची शिकार साधत नव्हती. कुणाच्या तरी एका अर्धवट बाराची किंमत एवढ्या घरांनी मोजली.

पुढे कॉर्बेट यांनी कॅमेरा जवळ केला, शाळांतून मुलांना जंगलाविषयी सांगितले. दुसऱ्या महायुद्धात छिंदवाड्याच्या परिसरात त्यांनी सैनिकांना जंगलात वावरण्याचे धडे दिले. १९ एप्रिल १९५५ रोजी केनियात त्यांचे निधन झाले. १९५७ मध्ये उद्यानाला त्यांचे नाव मिळाले.

आता शिकारीचा काळ सरला. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून आपल्या घरांतही रायफलीची चर्चा होते. मुलाला रेंजवर जरूर पाठवावे. पण पहिला धडा नेमाचा नसावा. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी, नळी कधी माणसाकडे वळवू नये, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे, घरी बंदूक व काडतुसे वेगवेगळ्या कुलपात ठेवावीत. सुटलेली गोळी परत बोलावता येत नाही.