मैहरचे बाबा

वैद्यकीय महाविद्यालयात १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ मी परीक्षेपुरती वाचली. त्या साथीत पोरक्या झालेल्या काही मुलांचे पुढे काय झाले, हे मला बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्या चरित्रातून कळले. बाबा मैहर संस्थानचे दरबारी संगीतकार आणि शारदामातेचे निस्सीम भक्त. त्यांनी अनाथ मुले गोळा केली, हाती वाद्ये दिली, कडक शिस्तीत शिकवले आणि मैहर बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्यांपासून त्यांनी ‘नलतरंग’ हे नवे वाद्य घडवले. बँडसाठी रागांवर आधारित रचनाही त्यांच्याच.

बाबा १९७२ साली गेले. रविशंकर, अन्नपूर्णादेवी हे त्यांचे शिष्य जगाला ठाऊक आहेत. पण रविवारी आपल्या मुलांना पेटी-तबल्याच्या वर्गाला सोडताना मला मैहरची ती पोरकी मुलेच आठवतात.