एक भोसले, एक घाटगे

शिरोळहून रोज एसटी पकडून जयसिंगपूरला कॉलेजला जाणारे तुमच्यात पुष्कळजण असतील. स्टँड, स्टेशन, नंबरांच्या गल्ल्या, सगळं तोंडपाठ. पण या गावाच्या नावातले जयसिंग कोण, असं कुणी अचानक विचारलं तर सांगता येईल? जयसिंगराव घाटगे. राजर्षी शाहू महाराजांचे वडील. आता पुढचा प्रश्न: वडील घाटगे, मग मुलगा भोसले कसा?

शाळेत याचं उत्तर एका ओळीत मिळालंय. शाहू दत्तक गेले. आज त्या ओळीपाशी जरा थांबू या. कारण तिच्यात आणखी एक मुलगा आहे आणि परीक्षेत त्याच्याविषयी कधी विचारत नाहीत.

शाहूंचं मूळ नाव यशवंतराव. जन्म 26 जून 1874 चा, कसबा बावड्याच्या लक्ष्मी-विलास पॅलेसमधला. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हे कागलचे अधिपती. आई राधाबाई, मुधोळच्या घोरपड्यांची लेक. आणि धाकटा भाऊ पिराजीराव, म्हणजे बापूसाहेब. 1877 मध्ये आई गेली. थोरला तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता.

1883 च्या डिसेंबरात कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. गादीला वारस नव्हता. त्यांच्या राणीसाहेब आनंदीबाईंनी मार्च 1884 मध्ये यशवंतरावाला दत्तक घेतलं. पोरगं दहाव्या वर्षात. एका विधीत त्याचं नाव बदललं, आडनाव बदललं, आईही बदलली.

त्या काळी दत्तक जाणं म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मघरच्या मालमत्तेवरचा हक्क संपायचा. थोरला कोल्हापूरचा झाला, तशी कागलची जहागीर धाकट्याकडे जाणार हे ठरलं. सख्खे भाऊ, पण घराणी दोन आणि गाद्याही दोन. बापूसाहेबांना कागलातच ठेवलं असतं, तरी त्यात कुणाला वावगं वाटलं नसतं.

पण तसं झालं नाही. बाल छत्रपतींना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकायला पाठवलं, तेव्हा बापूसाहेबही बरोबर गेले. त्याच राजकोटच्या दिवसांत, 1886 मध्ये, वडीलही गेले. आईबाप दोघंही नसलेली ती दोन पोरं, घरापासून लांब काठेवाडात. पण होती एकत्र. पुढे 1890 ते 1894 धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या हाताखाली शिक्षण झालं, तिथंही बापूसाहेब सोबत होतेच. 2 एप्रिल 1894 ला शाहूंनी कारभार हाती घेतला. 1902 चं पन्नास टक्के आरक्षण, वसतिगृहं, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, हा पुढचा सगळा इतिहास तुम्हाला माहीत आहे.

आता खरं सांगायचं तर, राजपुत्राबरोबर सोबती पाठवायची तेव्हा रीतच होती. भावंडांना एकत्र वाढायचा हक्क आहे, असा विचार करून कुणी हे केलं नव्हतं. तरी त्या पोराला मिळालं ते मोलाचंच. नवं घर आलं म्हणून जुनं पुसलं गेलं नाही. थोरली मुलगी झाली, तिचं नाव राधाबाई. जन्मदात्या आईचंच. आणि वडिलांचं नाव तर तुम्ही रोज एसटीच्या पाटीवर वाचता.

पण ही सोय राजवाड्यातली झाली. आपल्याकडे काय होतं? अपघात, महापूर, कोरोना. आईबाप जातात, दिवसकार्य उरकतं आणि नातेवाईक बसतात. थोरला काकाकडे, मधली मामाकडे, धाकटं आत्याकडे. यात कुणी वाईट नसतं हो. प्रत्येकाला एकच जादा ताट परवडतं, एवढंच. पण आईबाप गमावलेली पोरं महिन्याभरात एकमेकांनाही गमावून बसतात. नातेवाईकच नसले, तर मुलांचं बालगृह वेगळं आणि मुलींचं वेगळं. म्हणजे बहीणभावांची ताटातूट ठरलेलीच.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 44 सांगतं, की मुलांना दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देताना भावंडांना एकत्र ठेवण्याचा सर्व प्रयत्न झाला पाहिजे. अपवाद एकच: वेगळं राहण्यातच मुलांचं हित असेल तर. जादा ताटाच्या अडचणीवरही थोडा उपाय आहे. राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलाला सांभाळणाऱ्या कुटुंबाला दरमहा अनुदान मिळतं आणि ते प्रत्येक मुलामागे असतं. म्हणजे दोघांना ठेवून घेणाऱ्या काकांना दोघांसाठी अर्ज करता येतो.

अडतं कुठं? घरात हे कुणाला माहीतच नसतं. तिथं तुमचं काम आहे. फॉर्म भरणं, ऑफिसात जाऊन चौकशी करणं, हे घरात बऱ्याचदा तुम्हीच करता. गल्लीत, पाहुण्यांत असा प्रसंग आला, तर पोरांची वाटणी होण्याआधी तोंड उघडा. लहान म्हणून गप्प बसवतील, तरी उघडा. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे जा, नाहीतर 1098 ला फोन करा. आणि मुलाची माहिती देताना त्याला भावंडं किती आणि ती आत्ता कुठं आहेत, हे सगळ्यात आधी सांगा.