एडिसन आणि त्याची बॅटरी

सन १९०० च्या सुमारास न्यूयॉर्क शहराच्या रस्त्यांवर चार प्रकारची वाहने एकाच वेळी धावत असत. घोडागाड्या तर होत्याच. त्यांच्या जोडीला वाफेच्या, पेट्रोलच्या आणि विजेच्या अशा तीन तऱ्हेच्या बिनघोड्याच्या गाड्या नुकत्याच आल्या होत्या. आज कोणालाही नवल वाटेल, परंतु या तिघींत पेट्रोलची गाडी सर्वांत मागे होती. त्या वर्षी अमेरिकेत एकूण ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर व केवळ ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी जगातील पहिली मोटारसुद्धा विजेचीच होती. कामिय येनात्सी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने १८९९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळ हा पराक्रम केला. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये विजेच्या टॅक्सीचा एक चालक ताशी १२ मैल एवढ्या ‘भरधाव’ वेगाने गाडी हाकल्याबद्दल पकडला गेला. त्याला पकडणारा पोलीस सायकलवर होता!

पेट्रोलची गाडी त्या काळी मोठी तापदायक असे. ती सुरू करण्यासाठी पुढच्या बाजूस लोखंडी दांडा घालून जोराने फिरवावा लागे, आणि तो दांडा उलट फिरला तर फिरविणाऱ्याचे मनगट मोडत असे. वाफेच्या गाडीतील पाणी तापेपर्यंत वाट पाहावी लागे. विजेची गाडी मात्र कळ दाबताच मुकाट्याने चालू लागे. धूर नाही, दुर्गंधी नाही, खडखडाट नाही. असे असूनही तिच्यात एक मोठे वैगुण्य होते. तिला चालविणारी वीज शिसे आणि गंधकाम्ल यांच्या बॅटरीत साठविलेली असे. ही बॅटरी वजनाने फार जड होती. खाचखळग्यांतून जाताना तिच्या पट्ट्या खिळखिळ्या होत. रिकामी ठेवली तर ती नासे. आणि तिच्यातील आम्ल सांडले तर ज्यावर पडेल ते जाळून टाकी. गाडी उत्तम, पण तिचे हृदय दुबळे, अशी ही स्थिती होती. ते हृदय बदलण्याचे काम ज्याने अंगावर घेतले, तो थॉमस अल्वा एडिसन होय.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मिलान या लहानशा गावी झाला. पुढे त्याचे कुटुंब मिशिगन राज्यातील पोर्ट ह्यूरन येथे राहावयास गेले. शाळेत तो जेमतेम काही महिनेच टिकला. मास्तरांना तो मंदबुद्धीचा वाटला. आईला तसे वाटले नाही. ती स्वतः पूर्वी शिक्षिका होती. तिने त्याला घरीच शिकविले. बाराव्या वर्षी तो आगगाडीत वर्तमानपत्रे व खाऊ विकू लागला आणि सामानाच्या डब्यातच त्याने आपली रसायनांची छोटी प्रयोगशाळा मांडली. एके दिवशी तेथे आग लागली व त्या प्रयोगशाळेला डब्याबाहेरची वाट दाखविण्यात आली. याच सुमारास त्याला ऐकू येणे कमी झाले, ते कायमचेच. स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला त्याने रुळांवरून ओढून वाचविले, आणि त्या उपकारापोटी स्टेशनमास्तरने त्याला तारायंत्राची विद्या शिकविली.

तारायंत्र चाले ते विजेच्या घटांवर. त्यामुळे तारमास्तर झालेल्या एडिसनची आणि बॅटरीची गाठ अगदी तरुणपणीच पडली. ही ओळख काही सुखाची झाली नाही. लुइव्हिल येथील तारकचेरीत रात्रपाळी करीत असताना तो शिसे-आम्लाच्या घटावर प्रयोग करीत बसला होता. त्याच्या हातून गंधकाम्ल सांडले. ते फळ्यांच्या जमिनीतून पाझरून खालच्या मजल्यावर वरिष्ठांच्या मेजावर ठिबकले. दुसऱ्या दिवशी एडिसनची नोकरी गेली.

त्याच्या पुढील कीर्तीची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. १८७६ मध्ये त्याने मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा उभारली. १८७७ मध्ये बोलके यंत्र, म्हणजे फोनोग्राफ, आणि १८७९ मध्ये टिकाऊ विजेचा दिवा त्याने जगाला दिला. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याने वीजगृह सुरू केले. त्याचे सर्वच निर्णय बरोबर होते, असे मात्र नव्हे. आपल्या एकदिश विद्युत्प्रवाहाच्या अभिमानापोटी त्याने प्रत्यावर्ती प्रवाहाला फार मोठा व कित्येकदा अनुदार विरोध केला, आणि त्यात त्याची हार झाली. नंतर हलक्या प्रतीच्या खनिजातून चुंबकाने लोखंड वेगळे करण्याचा प्रचंड कारखाना त्याने न्यू जर्सीच्या डोंगरांत काढला. तेवढ्यात दुसरीकडे भरपूर, उत्तम व स्वस्त लोखंड सापडले आणि एडिसनने अनेक वर्षांत मिळविलेले धन त्या डोंगरांतच राहिले.

या उद्योगात तो गुंतलेला असतानाच, १८९६ च्या ऑगस्टमध्ये, न्यूयॉर्कजवळ वीज कंपन्यांच्या अधिकाऱ्यांचे एक संमेलन भरले होते. तेथे डेट्रॉइटच्या वीज कंपनीतील एका तरुण अभियंत्याची त्याच्याशी ओळख करून देण्यात आली. या तरुणाने घरी फावल्या वेळात पेट्रोलवर चालणारी गाडी बनविली होती. त्याचे नाव हेन्री फोर्ड. एडिसनला नीट ऐकू यावे म्हणून फोर्डला त्याच्या शेजारी बसविण्यात आले. एडिसनने त्याला बारीकसारीक प्रश्न विचारले आणि शेवटी मेजावर मूठ आपटून त्याला शाबासकी दिली. विजेच्या गाडीला वीजगृहाच्या आसपासच राहावे लागते व बॅटरीचे ओझे फार होते. तुझी गाडी आपली शक्ती आपल्याबरोबर घेऊन जाते, तेव्हा हे काम सोडू नकोस, असे त्याने फोर्डला बजावले. विजेच्या जादूगारानेच पेट्रोलच्या गाडीला आशीर्वाद दिला! फोर्ड तो क्षण जन्मभर विसरला नाही.

परंतु बॅटरीचे ते वैगुण्य एडिसनच्या मनात घर करून राहिले असावे. कारण तीनच वर्षांनी, बावन्नाव्या वर्षी, त्याने स्वतःच या प्रश्नाला हात घातला. शिसे व आम्ल यांना त्याने प्रारंभीच निरोप दिला. आम्लाच्या जागी अल्कली, म्हणजे पोटॅशचे तीव्र द्रावण, घ्यावयाचे हे ठरले. पण त्यात कोणते दोन धातू बुडवावे? एकामागून एक धातू, एकामागून एक मिश्रण अशी परीक्षा सुरू झाली. वेस्ट ऑरेंज येथील त्याच्या प्रयोगशाळेत रात्रंदिवस काम चाले. प्रयोगांची संख्या हजारांनी मोजावी लागली. वॉल्टर मॅलरी हा त्याचा जुना सहकारी एकदा त्याला भेटावयास आला. इतके हजार प्रयोग होऊनही हाती काहीच लागले नाही, याबद्दल त्याने हळहळ व्यक्त केली. एडिसन हसला. हाती पुष्कळ लागले आहे, कोणकोणत्या हजारो गोष्टी उपयोगाच्या नाहीत हे आता आपल्याला पक्के कळले आहे, असे त्याने उत्तर दिले. ही गोष्ट विजेच्या दिव्याच्या शोधातील म्हणून नेहमी सांगितली जाते. वास्तविक ती या बॅटरीची आहे.

अखेर निकेल आणि लोखंड ही जोडी निश्चित झाली. घटाच्या एका पट्टीत निकेलचे संयुग, दुसरीत लोखंडाचा बारीक चुरा, भोवती पोटॅशचे द्रावण आणि सर्वांवर पोलादी डबा, अशी तिची रचना होती. नेमक्या याच सुमारास स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर नावाचा संशोधकही निकेल व लोखंड यांच्याच वाटेने चालला होता. साहजिकच दोघांत पेटंटवरून मोठा तंटा झाला.

१९०१ मध्ये एडिसनने बॅटरीची कंपनी स्थापन केली. बॅटऱ्या बाजारात येण्यापूर्वीच त्यांची कीर्ती वर्तमानपत्रांतून दुमदुमली, आणि तीत एडिसनचा स्वतःचा हात मुळीच लहान नव्हता. त्या गाड्यांत बसविल्या गेल्या. लोक खूषही झाले. पण काही काळाने तक्रारी येऊ लागल्या. पोलादी डब्यांच्या सांध्यांतून द्रावण गळू लागले. काही घटांची शक्ती हळूहळू ओसरत चालली. आता काय करावे? गिऱ्हाइके तर आणखी बॅटऱ्या मागत होती, आणि थोडी डागडुजी करून विक्री चालू ठेवणे सोपे होते. एडिसनने कारखाना थांबविला. सदोष बॅटऱ्या त्याने परत घेतल्या व स्वतःच्या पैशाने नुकसान सोसले. लोखंडाच्या उद्योगात हात पोळलेल्या माणसाला हा निर्णय किती जड गेला असेल, याची कल्पना करता येते.

पुन्हा पहिल्यापासून प्रयोग सुरू झाले आणि ते आणखी चार-पाच वर्षे चालले. दोषाचे मूळ निकेलच्या बाजूस होते. निकेलच्या संयुगातून वीज नीट वाहत नाही, म्हणून त्यात दुसरा वाहक पदार्थ मिसळावा लागतो. पहिल्या बॅटरीत एडिसनने त्यासाठी ग्रॅफाइट वापरले होते. ते हळूहळू निकामी होई. आता त्याने शुद्ध निकेलचाच अतिशय पातळ वर्ख करण्याची युक्ती काढली. तांब्याचा एक थर, त्यावर निकेलचा एक, पुन्हा तांब्याचा, असे थरांवर थर विजेच्या साहाय्याने चढवावयाचे; मग त्याचे तुकडे करून तांबे विरघळवून टाकावयाचे, की मागे निकेलच्या नाजूक पाकळ्या उरत. बोरूएवढ्या जाडीच्या, छिद्रे पाडलेल्या पोलादी नळीत निकेलचे संयुग व या पाकळ्या यांचे शेकडो थर आलटून पालटून ठासून भरले जात. द्रावणात त्याने थोडे लिथियमचे संयुगही घातले. त्यामुळे घटाची धारणशक्ती वाढली.

परीक्षा तर अशा कडक की, पाहणाऱ्याचा थरकाप व्हावा. घट यंत्रावर ठेवून हजारो वेळा आदळले जात. ते प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावरील खिडक्यांतून खाली टाकले जात. गाड्या न्यू जर्सीच्या सर्वांत वाईट रस्त्यांवरून मुद्दाम पिटाळल्या जात. १९०९ मध्ये नवी बॅटरी विक्रीस आली, तेव्हा तिच्यात गळती नव्हती. ती कितीही भरली किंवा पार रिकामी ठेवली तरी बिघडत नसे व वर्षानुवर्षे टिके. शहरातील माल वाहणाऱ्या अनेक विजेच्या गाड्यांनी ती वापरली. त्या काळातील चांगली विजेची मोटार एकदा भरलेल्या बॅटरीवर सुमारे ८० मैल जाऊ शके.

एडिसन जिंकला, परंतु तो जिंकेपर्यंत शर्यतच बदलून गेली होती. १८९६ मध्ये ज्याच्या पाठीवर त्याने थाप मारली होती, त्या फोर्डने १९०८ मध्ये आपली ‘मॉडेल टी’ गाडी काढली. १९१३ मध्ये फिरत्या साखळीवर गाड्या जोडण्याची पद्धत सुरू झाली व गाडीची किंमत वर्षागणिक उतरू लागली. टेक्सासमध्ये तेलाचे प्रचंड साठे सापडले होते, त्यामुळे पेट्रोल स्वस्त झाले. खेड्यांत वीज पोहोचली नव्हती. पेट्रोलचा डबा मात्र कोठेही नेता येई. शेवटचा घाव तर विजेनेच घातला. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगने बनविलेली विजेची चालक मोटर कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आली आणि मनगट मोडणारा तो लोखंडी दांडा इतिहासजमा होऊ लागला. हे इंजिन फिरविण्यास एकदम जोराचा प्रवाह लागतो. तो शिसे-आम्लाची जुनी बॅटरी देऊ शके. एडिसनची बॅटरी या कामात कमी पडे. थंडीत तर ती अगदीच मलूल होई. शिवाय ती महागही होती.

आता फोर्ड व एडिसन हे जिवलग मित्र झाले होते. दोघांनी मिळून एक स्वस्त विजेची गाडी काढावी असे ठरले आणि १९१४ च्या जानेवारीत ती बातमी जाहीरही झाली. प्रयोगादाखल गाड्या बनविल्या गेल्या. पण त्या बाजारात कधीच आल्या नाहीत. गमतीची गोष्ट अशी की, लक्षावधी पेट्रोल गाड्या बनविणाऱ्या फोर्डची पत्नी क्लारा स्वतः मात्र विजेच्या गाडीतून फिरत असे.

एडिसनच्या बॅटरीला इतर कामे मिळाली. रेल्वेचे सिग्नल, आगगाडीच्या डब्यांतील दिवे, खाणकामगारांच्या टोपीवरील दिवे अशा ठिकाणी तिने इमानाने चाकरी केली. एक दुःखद प्रसंगही तिच्या नावावर आहे. भरताना या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. १९१६ च्या जानेवारीत ब्रुकलिनच्या गोदीत ‘ई-२’ या पाणबुडीत अशा वायूचा स्फोट होऊन काही जणांचे प्राण गेले. दोष बॅटरीचा की हवा खेळती न ठेवण्याचा, यावर पुष्कळ वाद झाला. पण पाणबुड्यांत आपली बॅटरी बसविण्याचे एडिसनचे स्वप्न तेथेच संपले.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंज येथील राहत्या घरी एडिसनचे निधन झाले. तोपर्यंत विजेच्या मोटारी अमेरिकेच्या रस्त्यांवरून जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. त्या परतल्या त्या शतकाच्या अखेरीस. १९९७ मध्ये जपानमध्ये ‘टोयोटा प्रियस’ ही पेट्रोल व वीज या दोहोंवर चालणारी गाडी विक्रीस आली. तिच्या बॅटरीत निकेल होते आणि द्रावण होते ते पोटॅशसारख्या अल्कलीचेच. पुढच्या विजेच्या गाड्यांत लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या आल्या. त्यांतील लिथियमचे कार्य एडिसनच्या चिमूटभर लिथियमहून अगदी निराळे आहे.

वेस्ट ऑरेंज येथील एडिसनचे ‘ग्लेनमाँट’ हे घर आता राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केलेले आहे. घराजवळच १९०८ च्या सुमारास बांधलेले काँक्रीटचे मोटारघर आहे. त्यात पेट्रोल भरण्याचा पंप आहे, आणि बॅटरी भरण्याचे यंत्रही आहे.