दोन बोटांच्या जोरावर जॅझ गाजवणारा जँगो राइनहार्ट कोण होता?

फ्रान्समध्ये सीन नदीच्या काठावर सामवा नावाचं छोटंसं गाव आहे. जॅझच्या चाहत्यांना हे गाव ठाऊक आहे ते तिथल्या महोत्सवामुळे. मंचावर नामवंत कलाकार आणि बाहेर कॅरॅव्हॅनजवळ घोळक्याने गिटार वाजवणारी रोमा कुटुंबं, अशी या महोत्सवाची ओळख. हे सगळे जमतात ते जँगो राइनहार्टसाठी.

जँगोचा जन्म १९१० साली बेल्जियममधला. रोमा म्हणजे भटका समाज, त्यामुळे लहानपण पॅरिसजवळच्या तांड्यात गेलं. शाळा जवळपास नाहीच, पण किशोरवयातच तो डान्स हॉलमध्ये बॅन्जो वाजवून कमवायला लागला.

आगीने हात हिरावला

१९२८ मध्ये त्याच्या कॅरॅव्हॅनला आग लागली. आत बायकोने विकायला बनवलेली सेल्युलॉइडची फुलं होती, ती क्षणात पेटली. १८ वर्षांच्या जँगोच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमचं आखडलं. गिटारवर सूर धरतात तो हाच हात!

बरं व्हायला अनेक महिने लागले. त्या काळात त्याने उरलेल्या दोन बोटांनी वाजवायची नवी पद्धत शोधली. आखडलेली बोटं तो जमेल तशी कॉर्डसाठी वापरायचा.

१९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीसोबत त्याचा गट उभा राहिला. एक व्हायोलिन, तीन गिटार, एक डबल बास आणि ड्रम नाहीच. अमेरिकेत जन्मलेल्या जॅझला युरोपचा स्वतःचा आवाज मिळाला.

युद्धाचं सावट

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा गट लंडनमध्ये होता. ग्रापेली तिथेच थांबला, जँगो पॅरिसला परतला. पुढच्या वर्षी पॅरिस नाझींच्या ताब्यात गेलं. नाझींनी युरोपभरात लाखो रोमांची हत्या केली. जँगोने १९४३ मध्ये स्वित्झर्लंडला निसटायचा प्रयत्न केला, तो फसला. पण त्याची ‘न्वाज’, म्हणजे ‘ढग’, ही धून याच काळात पॅरिसभर लोकप्रिय झाली होती.

१९४६ मध्ये तो ड्यूक एलिंग्टनसोबत अमेरिकेत वाजवून आला. १९५१ मध्ये सामवात स्थायिक झाला आणि मासेमारी, चित्रकलेत रमला. १६ मे १९५३ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने त्याचं निधन झालं. वय अवघं ४३.

वारसा कुणाकडे?

त्याच्या आठवणीत सामवात १९६८ मध्ये पहिला महोत्सव झाला. २०१६ च्या पुरामुळे तो शेजारच्या फाँतेनब्लोला हलवावा लागला. तिथे पारंपरिक रोमा शैली जपणारा स्टोकेलो रोझेनबर्ग वाजवतो, तसा इलेक्ट्रिक गिटारवर फ्यूजन करणारा बिरेली लाग्रेनही.

वारसा जॅझपुरताच नाही. ‘ब्लॅक सबाथ’च्या टोनी आयोमीने कारखान्यातल्या अपघातात बोटांची टोकं गमावली, तेव्हा जँगोची रेकॉर्ड ऐकूनच त्याला पुन्हा गिटार वाजवायची उमेद मिळाली.

आज धडधाकट दहा बोटांचे वादकही जँगोच्या दोन बोटांची चाल शिकायला धडपडतात.