पॅप स्मिअरचे जनक : डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ

गर्भाशयमुखाला जुनाट सूज असेल, अंगावरून सतत पांढरे जात असेल किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर डॉक्टर पॅप स्मिअर करायला सांगतात. यातला ‘पॅप’ म्हणजे डॉ. पापानिकोलाऊ.

त्यांचा जन्म १८८३ मध्ये ग्रीसमधील किमी या गावी झाला. अथेन्समध्ये डॉक्टर झाल्यावर १९१३ मध्ये ते पत्नी आंद्रोमाकीसह न्यूयॉर्कला आले. सुरुवातीला त्यांनी दुकानात गालिचेही विकले. पुढे कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात गिनीपिगच्या योनीस्रावातील पेशी तपासताना, हीच पद्धत स्त्रियांसाठी वापरायचे त्यांनी ठरवले. आंद्रोमाकी अनेक वर्षे स्वतःचे नमुने देत राहिल्या. अशा नमुन्यात कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात, हे त्यांनी १९२८ मध्ये मांडले; पण फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९४१ मध्ये डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबतचा शोधनिबंध आला आणि ही तपासणी हळूहळू जगभर पोहोचली. १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले.

रिपोर्टमध्ये फक्त ‘इन्फ्लमेशन’ म्हणजे दाह लिहिले असेल, तर घाबरू नका; दाह म्हणजे कर्करोग नव्हे. मात्र संसर्ग आहे का ते तपासून घ्या, उपचार पूर्ण करा आणि डॉक्टरांनी सांगितलेली फेरतपासणी टाळू नका.